काहीतरी राहिलंय: एका फाईलचं प्रकरण

प्रसंग

पन्नाशीतली एक बाई सकाळी वडिलांना घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांकडे निघाली आहे. वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. गेलं वर्षभर ते एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, हिशेबात चुकतात आणि कोणी ते दाखवून दिलं की चिडतात. आदल्या रात्री लेकीने त्यांचे सगळे जुने रिपोर्ट बाहेर काढले आणि घरच्या प्रिंटरवर एकेकाची प्रत काढली. प्रती घरी राहायच्या, मूळ कागद फाईलला लावून डॉक्टरांकडे न्यायचे, असं ठरलं होतं. शेवटचा कागद रक्ततपासणीचा होता. त्याची प्रत बाहेर येत असतानाच भावाचा फोन आला. कोण किती वाजता येणार, गाडी कोणाची, यावर बोलणं लांबलं. बोलता बोलताच तिने प्रतींचा गठ्ठा जुळवून कपाटात ठेवला आणि फाईल मिटली.

सकाळी दार ओढून घेताना तिला वाटलं, काहीतरी राहिलंय.

ती थांबली. किल्ल्या हातात होत्या. फोन, पाकीट, चष्मा पर्समध्ये होते. आत जाऊन गॅस पाहिला, तो बंद होता. फाईल काखेत होती. लिफ्टपाशी उभे असलेले वडील म्हणाले, "चल गं, उशीर होतोय." ती निघाली, पण रुखरुख गेली नाही. गाडीत बसल्यावर पुन्हा तेच वाटलं. आजचा दिवसच अवघड आहे, म्हणून असं होतंय, अशी तिने मनाची समजूत घातली.

दवाखान्यात नोंदणी करणाऱ्या मुलीने विचारलं, "रक्ताचा आधीचा रिपोर्ट आणलाय ना?" त्या क्षणी, फाईल उघडण्याआधीच, तिला कळलं. कागद प्रिंटरच्या झाकणाखाली होता. तिने घरी मुलाला फोन केला, त्याने झाकण उचललं, कागदाचा फोटो पाठवला आणि अडचण मिटली.

त्याच सकाळी आणखी एक गोष्ट घडली, जिच्याकडे गडबडीत कोणी फारसं लक्ष दिलं नाही. तपासणीच्या खोल्यांकडे जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी वडील अडून उभे राहिले. "इथे नको. घरी चल." का, असं विचारल्यावर त्यांना कारण सांगता येईना. "मी इथे कधी आलेलोच नाही," एवढंच ते ठामपणे म्हणाले. वर्षापूर्वी याच इमारतीत त्यांचा एमआरआय झाला होता. यंत्राच्या आवाजाने ते घाबरले होते आणि तपासणी मध्येच थांबवावी लागली होती.

हा प्रसंग अभ्यासासाठी रचलेला आहे, माणसं काल्पनिक आहेत. पण त्यातल्या जवळपास प्रत्येक दुव्यावर मानसशास्त्रात खरंखुरं काम झालेलं आहे. आतून येणारी जाणीव आणि विसरणं यांचं नातं मला या एका सकाळीत फार स्पष्ट दिसतं, म्हणून तिच्यावर सावकाश थांबायचं आहे.

कागद झाकणाखाली का राहिला

याचं उत्तर सरळ आहे आणि त्याचा वयाशी संबंध नाही. आपण काम करतो ते कशासाठी तरी. ते 'कशासाठी' साधलं की मन त्या कामावरून हात काढून घेतं, आणि त्यानंतर उरलेली बारीक पायरी गळून पडते. प्रत काढण्याचा हेतू प्रत मिळवणं हा असतो. मूळ कागद उचलणं त्याच्या मागून येतं. मायकल बर्न आणि सुझन बोव्हेअर यांनी १९९७ मध्ये नेमक्या या प्रकारच्या चुकीवर संगणकावरच्या कामांचे प्रयोग प्रसिद्ध केले. चालू कामाची माहिती मनात धरून ठेवणाऱ्या स्मृतीवर भार असला की शेवटची पायरी विसरण्याचं प्रमाण वाढतं, असं त्यांना आढळलं. इथे तो भार भावाच्या फोनने टाकला. पैसे देणारी अनेक यंत्रं आधी कार्ड परत देतात आणि मगच नोटा सोडतात, त्यामागेही हीच समज आहे. नोटा हाती आल्यावर कार्डाची आठवण माणसावर सोपवण्यात अर्थ नसतो.

वाटणं आलं कुठून

इथे प्रकरण अवघड होतं, आणि सगळ्यात रंजकही.

पहिली शक्यता अशी की ती रुखरुख कागदाबद्दलची नव्हतीच. वडिलांना आज काय सांगतील याची धास्ती तिच्या मनात होती. पोटात गोळा येणं, पाय दारात अडखळणं, मागे वळून पाहावंसं वाटणं हे सगळं धास्तीतही होतं आणि काही विसरल्यावरही होतं. शरीर दोन्हींसाठी वेगळ्या खुणा पाठवत नाही. अस्वस्थता आधी येते, तिचं कारण आपण मागाहून चिकटवतो, आणि दारात उभ्या माणसाला सगळ्यात सहज सुचणारं कारण म्हणजे 'काहीतरी राहिलंय'. पुढे दवाखान्यात कागद खरोखरच राहिलेला निघाला, म्हणून सकाळची अस्वस्थता त्याच्या नावावर जमा झाली. कागद फाईलमध्येच असता तर ती सकाळ संध्याकाळपर्यंत विसरली गेली असती. आतल्या आवाजाच्या खरेपणाच्या बहुतेक गोष्टी अशाच गाळणीतून आपल्यापर्यंत पोचतात. वाटलं आणि खरं निघालं, ते लक्षात राहतं. वाटलं आणि काहीच नव्हतं, त्याची कोणी नोंद ठेवत नाही. वाटलंच नाही आणि तरी राहिलं, तिथे तर आतल्या आवाजाचा विषयही निघत नाही, आपण फक्त स्वतःच्या विसरभोळेपणावर चरफडतो.

ही शंका मी प्रामाणिकपणे घेतो, तरी एवढ्यावर प्रकरण मिटवणं मला पटत नाही. कारण त्या सकाळी तिच्या डोळ्यांसमोर खरोखर काहीतरी बदललेलं होतं. फाईलचं कव्हर पारदर्शक होतं. सगळ्यात नवा रिपोर्ट सगळ्यात वर ठेवायची तिची सवय, म्हणजे गेले काही आठवडे त्या कव्हरमधून रक्ततपासणीचा कागद दिसत असे. त्या सकाळी तिथे दुसराच कागद होता. तिने फाईल उचलली तेव्हा ते डोळ्यांनी पाहिलं, पण 'पाहिलं' अशी जाणीव तिला झाली नाही.

असं होऊ शकतं का? रोनाल्ड रेन्सिंक या संशोधकाने २००४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर एकच दृश्य थोड्या फरकाने आलटून पालटून दाखवायचं. काहीतरी बदलतंय असं नुसतं वाटलं की एकदा कळ दाबायची, आणि काय बदलतंय ते दिसलं की दुसऱ्यांदा. पाहणाऱ्यांपैकी काहींना, सगळ्यांना नव्हे, बदल दिसण्याच्या बऱ्याच आधी तो जाणवला. बोट ठेवता येत नव्हतं, पण काहीतरी वेगळं आहे हे त्यांना कळत होतं. या निष्कर्षावर आक्षेपही आले. काही जण मुळातच थोड्याशा पुराव्यावर 'वाटतंय' म्हणतात आणि 'दिसतंय' म्हणायला मात्र पक्का पुरावा मागतात, त्या दोन्हींमधलं अंतर म्हणजे वेगळी शक्ती नव्हे, असं टीकाकारांचं म्हणणं. मला हा आक्षेप रास्त वाटतो. पण तो मान्य केला तरी आपल्या प्रकरणाला पुरेल एवढं शिल्लक राहतंच. थोडासा, नाव देता न येणारा पुरावा मनापर्यंत पोचतो आणि त्यावर 'वाटणं' उभं राहू शकतं.

दुसरी वाट हेतूंमधून जाते. करायची ठरवलेली गोष्ट मनात नुसत्या माहितीपेक्षा जास्त जागी असते. थॉमस गोश्के आणि युलियस कुल यांनी १९९३ मध्ये दाखवलं की, लोकांना कामांची वर्णनं पाठ करायला देऊन त्यांतलं एक प्रत्यक्ष करायचं आहे असं सांगितलं, तर त्या कामातले शब्द ते अधिक चटकन ओळखतात. त्याच्या कितीतरी आधी, १९२७ मध्ये, ब्लूमा झायगार्निक यांनी मध्येच तोडलेली कामं पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात असं मांडलं होतं. तो निष्कर्ष नंतरच्या प्रयोगांत सगळीकडे टिकला नाही, त्यामुळे त्याच्यावर फार भार टाकू नये. पण 'सगळे मूळ कागद फाईलला लावायचे' हा हेतू लेकीच्या मनात बंद झालेला नव्हता, आणि बंद न झालेला हेतू कुठेतरी जागा राहतो, एवढं म्हणायला हरकत नाही.

आता मुख्य मुद्दा. एखादी गोष्ट आठवत नाही आणि तरी ती आपल्याला माहीत आहे हे कळतं, ही स्थिती मुळात कशी शक्य होते? ओठावर आलेलं नाव आठवून पाहा. नाव येत नाही, पण कोणी चुकीचं सुचवलं तर 'ते नव्हे' असं आपण तत्काळ म्हणतो. विल्यम जेम्स यांनी १८९० मधल्या आपल्या मानसशास्त्रावरच्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे की, विसरलेल्या नावाची मनातली जागा रिकामी असूनही विलक्षण सक्रिय असते आणि चुकीचं नाव तिथे बसू देत नाही. रॉजर ब्राऊन आणि डेव्हिड मॅकनील यांनी १९६६ मध्ये ही गोष्ट प्रयोगाने दाखवली. दुर्मीळ शब्दांचे अर्थ वाचून दाखवल्यावर ज्यांच्या ओठावर शब्द येऊन अडकला, त्यांना त्याचं पहिलं अक्षर आणि तो उच्चारताना त्याचे किती तुकडे पडतात हे निव्वळ अंदाजापेक्षा पुष्कळ जास्त वेळा बरोबर सांगता आलं. म्हणजे विसरणं हे सगळं किंवा काहीच नाही, असं नसतं. आठवणीचा एक तुकडा हाती लागतो, बाकीचे लागत नाहीत. जोसेफ हार्ट यांनी त्याच्या आदल्याच वर्षी, १९६५ मध्ये, ज्या प्रश्नांची उत्तरं लोकांना देता आली नव्हती त्यांच्याबद्दल विचारलं, की पर्याय समोर ठेवले तर ओळखाल का? ज्यांबद्दल लोक 'हो' म्हणाले, ती उत्तरं त्यांनी खरोखर जास्त वेळा ओळखली. अचूक नव्हे, पण जास्त वेळा.

या 'माहीत असल्याच्या जाणिवेला' फसवताही येतं. लिन रेडर आणि फ्रँक रिटर यांनी १९९२ मध्ये लोकांना दोन आकडी संख्यांची तीच ती गणितं पुन्हा पुन्हा दाखवली आणि मग मधलं चिन्ह बदलून दिलं. आकडे ओळखीचे, गणित नवं. उत्तर आपल्याला पाठ आहे, मांडायची गरज नाही, असा लोकांचा झटपट कौल तरीही पडला. जाणीव उत्तराच्या असण्यातून आली नव्हती, प्रश्नाच्या ओळखीच्या चेहऱ्यातून आली होती. अशर कोरिआट यांचं म्हणणंही या अंगाने जातं: आठवायला गेल्यावर जे तुकडे हाती येतात त्यांच्या भरघोसपणावरून मन ठरवतं की आपल्याला माहीत आहे, ते तुकडे बरोबर आहेत की चूक हे पाहायला ते थांबत नाही.

हे सगळं जमेला धरून मी असं म्हणेन: दारातली ती रुखरुख म्हणजे आठवणच होती, फक्त तिच्यातून 'काय' निघून गेलेलं होतं. रोजच्या व्यवहारात ज्याला आपण आतला आवाज म्हणतो, त्याचा मोठा भाग हा असाच असतो. विसरणं आणि अंतःप्रेरणा या समोरासमोरच्या गोष्टी नाहीत. आशय गळून पडल्यावर आठवणीचं जे उरतं, तेच आपल्याला प्रेरणा म्हणून जाणवतं.

शोध चुकीच्या जागी

मग ती जाणीव खरी होती तर दारात थांबूनही कागद का सापडला नाही?

ओठावरच्या नावाच्या वेळी प्रश्न ठरलेला असतो: 'त्यांचं नाव काय?' दारात तसा प्रश्न कोणी विचारलेला नव्हता. तिने स्वतःहून जो विचारला तो सवयीचा होता: किल्ल्या, फोन, पाकीट, चष्मा, गॅस. या पाचांपैकी काहीच विसरलेलं नव्हतं. यादी पूर्ण झाली आणि यादी पूर्ण होणं म्हणजेच शोध पूर्ण होणं, असं तिला वाटलं. फाईल तर काखेतच होती, म्हणून फाईलबद्दल प्रश्न पडलाच नाही.

एंडेल टल्विंग आणि डोनाल्ड थॉमसन यांनी १९७३ मध्ये मांडलेलं तत्त्व इथे नेमकं लागू पडतं. गोष्ट मनात ज्या संदर्भासह साठवली गेली, तोच संदर्भ पुन्हा पुढे आला की ती वर येते. कागद साठवला गेला होता तो 'रक्ताचा रिपोर्ट', 'प्रिंटर', 'भावाचा फोन' यांच्यासोबत. किल्ल्या आणि गॅस यांच्याशी त्याचा काहीच संबंध नव्हता. म्हणून नोंदणीच्या खिडकीपाशी 'रक्ताचा आधीचा रिपोर्ट' एवढे शब्द कानावर पडले आणि उत्तर झाकणाखालच्या जागेसकट समोर आलं. त्या मुलीने काही नवं सांगितलं नाही. तिने बरोबर प्रश्न विचारला.

मला इथून एक व्यवहारातली गोष्ट हाती लागते. अशी रुखरुख आली की वस्तूंची यादी घोकण्याऐवजी कामांकडे वळावं. काल कोणतं काम मध्येच तुटलं? कोणतं काम करताना फोन आला, कोणी हाक मारली, मी दुसऱ्या खोलीत गेले? आज मी कुठे जातेय आणि तिथे मला पहिली गोष्ट कोणती मागतील? या प्रश्नांना दारात उभं राहून अर्धा मिनिट पुरतं. आणि त्यातून काही निघालं नाही तर निघावं. कारण नसलेली रुखरुखही असते, आणि तिच्यासाठी उशीर करण्यात शहाणपण नाही.

गॅरी क्लाइन आणि डॅनियल कानेमन या अंतःप्रेरणेबद्दल एरवी उलट बाजूंना उभ्या असणाऱ्या दोघांनी २००९ मध्ये एकत्र लिहिलं. त्यांचं एकमत एका अटीवर झालं: माणसाच्या प्रेरणेवर विसंबायचं तर परिस्थितीत काही नियम असला पाहिजे आणि आपण बरोबर होतो की चूक, हे त्याला वेळच्या वेळी कळत आलं पाहिजे. ही कसोटी या प्रकरणाला लावून पाहा. किल्ल्या विसरल्या तर दार ओढल्याबरोबर कळतं, म्हणून किल्ल्यांबद्दलची आपली जाणीव वर्षानुवर्षांत तयार झालेली असते. झाकणाखालचा कागद क्वचित कधीतरी राहतो आणि कळतो तोही तासांनी, कधी दिवसांनी. त्याच्याबद्दलची जाणीव कच्ची राहणारच. एकाच माणसाचा आतला आवाज एका गोष्टीत विश्वासू आणि दुसऱ्या गोष्टीत बेभरवशाचा असू शकतो, आणि ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच ठाम वाटतात.

पुढचे काही महिने

त्या सकाळीचा लेकीवर झालेला परिणाम उलटा होता. 'मला आतून कळत होतं, मी ऐकलं नाही' हे तिच्या मनाने घेतलं. मग प्रत्येक रुखरुखीला ती मान देऊ लागली. गॅस पाहायला दोनदा मागे जाणं, कुलूप ओढून पाहणं, पर्स तीनदा उघडणं. आणि जितकं तपासावं तितकी रुखरुख वाढत गेली.

मार्सेल व्हान डेन हाउट आणि मेरेल किंट यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग तिच्या या अवस्थेचं चित्रच आहे. त्यांनी निरोगी लोकांना संगणकावरची आभासी शेगडी पुन्हा पुन्हा लावून, बंद करून तपासायला सांगितलं. शेवटची तपासणी त्यांना तितकीच बरोबर आठवत होती, पण ती आठवण फिकी झाली होती, तपशील गेले होते, आणि 'मी खरंच पाहिलं का' यावरचा त्यांचा भरवसा ढासळला होता. एकाच कृतीच्या वीस आठवणी एकमेकींत मिसळल्या की शेवटची वेगळी काढता येत नाही. तपासणं वाढलं की शंका वाढते, शंका वाढली की तपासणं. ज्यांना हे इतकं जडतं की दिवसाचे तास त्यात जातात, त्यांच्यासाठी तो उपचार घेण्याजोगा त्रास आहे. त्यांना 'मनाचं ऐक' असा सल्ला देणं अपाय करणारं ठरेल.

लेक तिथवर गेली नाही. तिला उपयोगी पडलं ते रुखरुखीची वाट पाहणं सोडून देणं. गॅस बंद करताना ती आता 'गॅस बंद' असं मोठ्याने म्हणते, एकदाच, आणि मागे फिरत नाही. प्रिंटरपाशी तिने क्रम बदलला: झाकण उचलून मूळ कागद फाईलला लावायचा, मगच प्रतीला हात लावायचा. पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेली 'अमुक झालं की मी तमुक करेन' अशी ठरावाची रीत याच जातीची आहे. 'उद्या रिपोर्ट न्यायला विसरायचं नाही' हा ठराव कोणत्याही क्षणाशी बांधलेला नसतो. 'प्रिंटरचा आवाज थांबला की झाकण उचलायचं' हा असतो.

कारण खरा धोका रुखरुखीच्या उलट बाजूला आहे. कागद राहिला त्या रात्री, फोन ठेवल्यावर, तिला काहीही वाटलं नव्हतं. काम झालं या समाधानाने ती झोपली. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत डेटनजवळच्या राइट फील्डवर बोइंगचं नवं बॉम्बफेकी विमान, मॉडेल २९९, उड्डाण करताच कोसळलं. विमान जमिनीवर उभं असताना वाऱ्याने त्याचे हलणारे भाग आपटू नयेत म्हणून लावतात ते कुलूप काढायचं राहिलं होतं. चालवणारे मेजर प्लॉयर हिल अत्यंत अनुभवी चाचणी वैमानिक होते. त्या अपघातातून वैमानिकांची लेखी तपासणी यादी रुजली. इतक्या मुरलेल्या माणसाच्या हातून जे सुटलं ते यादीने पकडायचं, हे त्यामागचं शहाणपण. आतून काही न वाटणं हा सगळं ठीक असल्याचा पुरावा नसतो, आणि घरातली माणसं नेमकी त्यालाच पुरावा मानून चालतात.

वडिलांची बाजू

बोळाच्या तोंडाशी अडलेले वडील आता आठवतात ते याचसाठी. लेकीला वाटत होतं आणि काय ते आठवत नव्हतं. वडिलांचंही तसंच, फक्त त्यांच्या आठवणीतला गेलेला भाग कितीतरी मोठा होता. अख्खा प्रसंग गेला होता, भीती राहिली होती.

जिनिव्हातले वैद्य एदुआर क्लापारेद यांनी १९११ मध्ये एका रुग्ण बाईची हकिकत लिहिली. तिला नव्या आठवणी धरता येत नसत, रोज भेटणारे वैद्यही तिला अनोळखी वाटत. एके दिवशी त्यांनी हातात टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केलं. पुढे त्यांनी हात पुढे केला तेव्हा तिने आपला मागे घेतला. टाचणीचा प्रसंग मात्र तिला आठवत नव्हता. असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे, पण त्याने दाखवलेली गोष्ट खरी ठरली. २०१४ मध्ये एडमारी गुझमान-व्हेलेझ, जस्टिन फाइनस्टाइन आणि डॅनियल ट्रॅनेल यांनी अल्झायमर झालेल्या लोकांना दुःखी आणि आनंदी करणाऱ्या चित्रफिती दाखवल्या. काय पाहिलं हे ते लवकरच विसरले. त्यातून आलेलं दुःख वा आनंद मात्र आठवण गेल्यावरही टिकून राहिला.

म्हणून 'इथे नको' याला हट्ट समजून वडिलांना हाताला धरून ओढणं चूक होतं असं मी म्हणेन. त्यांच्या शरीराला जे आठवत होतं ते बरोबर होतं. त्यांना बाहेर बाकावर बसवून, 'आज यंत्र नाही, नुसतं बोलणं आहे' असं शांतपणे सांगणं पुरलं असतं. त्यांना आज कसं वागवलं जातं तेही असंच मागे उरणार आहे, प्रसंग उरो न उरो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. लेक दिवसभर 'मी विसरते, मी विसरते' म्हणते, आणि वडील म्हणतात, 'मी काही विसरत नाही.' स्मृतीच्या आजारांत विसरल्याची जाणीवच कमी होत जाऊ शकते. आतून 'काहीतरी राहिलंय' म्हणणारं जे काही असतं, तेही त्याच मेंदूच्या आधाराने चालतं. त्यामुळे वडिलांचं ठाम उत्तर खोटेपणाचं नव्हतं, आणि ते तब्येत चांगली असल्याची खूणही नव्हती. लेकीची काळजी मात्र, ती अजून स्वतःच्या चुका टिपते आहे, एवढं तरी सांगत होती. यावरून कोणाचं निदान होत नाही. जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, काही औषधं यांनीही स्मृती बिघडते आणि त्यांतल्या काहींवर उपाय असतो, म्हणूनच तो रक्ताचा रिपोर्ट डॉक्टरांना हवा होता.

डॉक्टरांनी वडिलांची तपासणी झाल्यावर लेकीला वेगळं बसवलं. अँथनी जॉर्म यांनी १९८९ मध्ये एका सहकाऱ्यासोबत तयार केलेली एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. ती रुग्णाला भरायला देत नाहीत, त्याला चांगलं ओळखणाऱ्याला देतात. 'विसरतात का' असं त्यात विचारलेलं नसतं. दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत आज नातलगांचे तपशील, नुकत्या घडलेल्या गोष्टी, वस्तू कुठे ठेवल्या, नवं यंत्र शिकणं, पैशांचे व्यवहार या एकेका गोष्टीत काय बदललं, एवढंच विचारलेलं असतं. लेकीने पहिल्याच रांगेत 'खूप वाईट' यावर खूण करायला पेन टेकवलं आणि थांबली. तिला वर्षभराचा वैताग आठवत होता, दहा वर्षांपूर्वीचे वडील आठवेनात. डॉक्टर म्हणाले, "घाई करू नका. घरी न्या, एकेका ओळीसमोर एखादा खरा प्रसंग आठवला तरच खूण करा. आणि तुमच्या भावालाही एक प्रत द्या. एकमेकांना न विचारता भरा."